तीस सप्टेंबरचा पट

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात दोन वर्षं एकाच वेळी चालू असतात. एक शाळेचं, ते जूनच्या मध्याला सुरू होतं. दुसरं उसाचं, ते दसऱ्यापाशी. सावरगाव घाटचा दसरा मेळावा आटोपला की वस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहू लागतात, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. त्यांत भांडी चढतात, बाजरीची पोती चढतात, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, शेळ्या, कोंबड्या आणि शेवटी पोरं. काही जण दिवाळी घरी करून निघतात, काहींची दिवाळी फडातच होते. परत येणं गुढीपाडव्याच्या पुढेमागे. तोवर वार्षिक परीक्षा झालेली तरी असते, नाहीतर चार दिवसांवर आलेली असते.

या भागातल्या शाळांची गुणवत्ता घसरली आहे, मुलांना वाचता येत नाही, शिक्षक तालुक्याहून अपडाउन करतात, पालकांना शिक्षणाचं काही पडलेलं नाही, ही सगळी विधानं आपण इतक्यांदा ऐकली आहेत की त्यांतलं खरं किती आणि सवयीचं किती हे तपासायचं राहून जातं. अपडाउन खरं आहे. वाचनाची अडचणही खरी आहे. पण शाळेचं मोजमाप ज्या तारखांना होतं त्या तारखा आणि मुलं गावात असण्याच्या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या तर मामला वेगळाच दिसतो.

आधी माणसं का जातात, ते पाहू. बालाघाटाच्या माथ्यावरची जमीन हलकी, मुरमाड. पावसाची सरासरी कागदावर साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, पण सरासरीवर पीक येत नाही. कापूस, सोयाबीन, बाजरी, तूर यांपैकी जे हाती लागेल ते दिवाळीपर्यंत लागतं. रब्बीला विहिरीत पाणी उरलं तर उरलं. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे, आणि २०१२, २०१५, २०१८ ही वर्षं तरुणांच्या. दुसरीकडे पश्चिम महाराष्ट्रात प्रवरानगरपासून सुरू झालेली सहकारी साखर कारखानदारी वाढत गेली आणि तिला तोडीला माणूस लागत गेला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोट. बीडमध्येही कारखाने आहेत, पण माणूस जातो तो बाहेरच, कारण उचल बाहेरची मिळते.

उचल हा सगळ्या व्यवहाराचा खुंटा. मुकादम पावसाळ्यातच घरोघर फिरून टोळी बांधतो आणि पैसे आगाऊ देतो. माणूस मोजायचं माप ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला साडेतीनशेच्या वर गेला. एक जोडी दिवसाला साधारण दीड ते दोन टन तोडते. आता लाखाची उचल घेतली असेल तर हिशेब करा: पावणेतीनशे टनांच्या आसपास ऊस. रोज दोन टन धरले तरी एकशेपस्तीसच्या वर दिवस, एकही खाडा न करता. खाडा झाला तर दंड वेगळा. म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघालेलं कुटुंब मार्चच्या मध्याआधी मोकळं होत नाही, आणि हे कुणी आजारी न पडता. या हिशेबात पोराच्या सहामाहीला किंवा वार्षिकला जागा नाही. पालकांना शिक्षणाचं पडलेलं नाही असं म्हणणाऱ्याने हे गणित एकदा कागदावर मांडावं.

तोड पहाटे तीन-चारला सुरू होते. पाचवी-सहावीतली पोरगी कोपीवर राहते, धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. तिच्या वयाचा पोरगा फडात वाढं गोळा करतो. ते चारा म्हणून विकून संध्याकाळचा किराणा सुटतो. मोळ्या बांधायला, गाडीवर ऊस द्यायला हात कमी पडला की तोही हात धरला जातो. शिक्षणाचा उपयोग फडात अजिबात नसतो असं मात्र नाही. कारखान्याच्या काट्यावरून पावती आली की ती बापाला वाचून दाखवायचं काम शाळेत जाणाऱ्या पोराचं. काटा मारल्याची तक्रार या धंद्याइतकीच जुनी, त्यामुळे पावतीवरचा आकडा वाचता येणं याला घरात किंमत असते. दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे हा धडा पुस्तकात जिथे असेल तिथे असो, इथे तो पोटाशी जोडलेला आहे.

आता तारखांकडे येऊ. महाराष्ट्रात कोणत्या शाळेला किती शिक्षक, हे ठरवण्याला संच मान्यता म्हणतात, आणि तिचा आधार असतो ३० सप्टेंबरचा पट. या दिवशी हजेरीपटावर जितकी मुलं (अलीकडे आधारशी जुळलेली), तितक्यांच्या हिशेबाने पदं. ३० सप्टेंबरला बीडमधली बहुतेक मुलं गावातच असतात. त्यामुळे कागदावर शाळा भरलेली, पदं मंजूर. डिसेंबरात त्याच द्विशिक्षकी शाळेत चाळीसपैकी बारा-पंधरा मुलं समोर बसलेली असतात. गुरुजींचा पगार चालू, वर्ग रिकामा. फुकट खाणारे मास्तर, ही गावची आवडती तक्रार अशीच जन्माला येते.

याची दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही. पटावरची उरलेली पंचवीस मुलं डिसेंबरात सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या गावच्या शिवारात असतात. तिथल्या शाळेचाही पट ३० सप्टेंबरलाच मोजला गेलेला, या मुलांशिवाय. त्यांच्यासाठी तिथे शिक्षकाचं पद नाही. पोषण आहाराची मागणीही मूळ पटाच्या अंदाजाने केलेली. कायदा तिथल्या मुख्याध्यापकाला सांगतो की मूल आलं की दाखल करून घ्या. शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पण पद बीडला आणि मूल मिरजेला, ही गाठ कायद्याने सुटत नाही. शिवाय टोळी एका फडात महिनाभर थांबेल याची खात्री नसते. ऊस संपला की तळ हलतो, आणि पोराने ज्या शाळेत नाव सांगितलं ती मागे पडते. टोळी बागलकोट, विजयपूरकडे गेली असेल तर जवळची शाळा कन्नड. मग वर्गात बसूनही मूल बाहेरच.

गुणवत्ता मोजण्याच्या तारखा तर याहून बोलक्या. केंद्र सरकारचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, ज्याच्या जिल्हावार निकालांवरून वर्तमानपत्रांत क्रमवाऱ्या छापून येतात, २०१७ मध्ये झालं १३ नोव्हेंबरला आणि २०२१ मध्ये १२ नोव्हेंबरला. त्याच्या जागी आलेलं ‘परख’ सर्वेक्षण झालं ४ डिसेंबर २०२४ ला. तिन्ही तारखा तोडीच्या हंगामातल्या. जी मुलं त्या दिवशी वर्गात होती त्यांनी उत्तरपत्रिका भरल्या. जी नव्हती त्यांचा निकाल कुठल्याच रकान्यात नाही. म्हणजे स्थलांतराच्या जिल्ह्याचा आकडा चांगला आला तरी तो स्थलांतर न करणाऱ्यांचा, आणि वाईट आला तर आणखीच काळजीचा, कारण सर्वांत मागे पडलेलं मूल त्यात मोजलेलंच नाही. ‘असर’चं सर्वेक्षण शाळेऐवजी घरी जाऊन मुलांना वाचायला लावतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं प्रमाण त्याने २०२२ मध्ये ४२.८ टक्के आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्के दाखवलं. तरी दाराला कुलूप असलेल्या घरापुढे कार्यकर्ता काय करणार? तो पुढच्या घरी जातो.

निवडणूक आयोगाला तारखेचं महत्त्व बरोबर कळतं आणि पुढाऱ्यांनाही. २०२४ मध्ये विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. लाखो ऊसतोड मजुरांचं मत बुडेल म्हणून गाळप हंगाम पुढे ढकलावा अशी मागणी जोरात झाली, तिची चर्चा झाली, बातम्या आल्या. मागणी रास्तच होती. पोरांची सहामाही बुडते म्हणून हंगाम चार दिवस पुढे न्या, अशी मागणी घेऊन मात्र कारखान्याच्या फाटकावर कुणी बसल्याचं ऐकिवात नाही. पोरांना मत नसतं.

अशा मुलाच्या डोक्यात नेमकं काय साठतं, हे पाहण्यासारखं आहे. कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळा वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीच्या २२० दिवस भरल्या पाहिजेत. जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत, पोळा, गणपती, रविवार वजा जाता, नव्वदच्या आसपास दिवस हाती लागतात. दरवर्षी तेच नव्वद. त्यामुळे या मुलाला प्रत्येक इयत्तेच्या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग येतो आणि दुसरा कुठल्याच इयत्तेचा येत नाही. २०२३-२४ पासून दोन वर्षं बालभारतीने पुस्तकांचे चार भाग केले होते, मध्ये कोरी पानं घालून. त्या वेळी हे डोळ्यांना दिसत होतं. पहिला भाग फाटलेला, तेलाचे डाग पडलेला, कोऱ्या पानांवर शुद्धलेखन उतरलेलं. तिसरा आणि चौथा भाग नवाकोरा, छापखान्याचा वास जसाच्या तसा.

गणितात याचा फटका सर्वांत आधी बसतो, कारण गणित पायऱ्यांनी चढतं. संख्यांची ओळख, स्थानिक किंमत, बेरीज-वजाबाकी हा पहिल्या सत्राचा मामला. गुणाकार, भागाकार, अपूर्णांक बहुधा दिवाळीनंतर. चौथीतल्या मुलाला हातच्याची बेरीज सफाईने येते आणि साधा भागाकार येत नाही, असं दिसलं की मूल ‘अप्रगत’ ठरतं. खरं तर ते जितकं शिकवलं तितकं शिकलेलं असतं. भाषेत फटका उशिरा दिसतो. अक्षरं ओळखणारं मूल फडात सहा महिने छापील ओळ न बघता काढतं आणि परतल्यावर पुन्हा अक्षराला अक्षर जोडत बसतं. भाकरीच्या तव्यापाशी वाचायला असतं काय? काट्याची पावती आणि गुटख्याची पुडी.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९८२ पासून एका अभ्यासात पहिलीतल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. शाळा चालू असताना गरीब आणि बऱ्या घरातली मुलं जवळपास सारख्याच वेगाने शिकत होती. फरक पडत होता उन्हाळ्याच्या सुट्टीत. संशोधकांनी त्याला नळाची उपमा दिली: शाळेचा नळ चालू असतो तेव्हा सगळ्यांना पाणी मिळतं, बंद झाला की ज्याच्या घरी साठा आहे त्याचंच भागतं. तिथे सुट्टी अडीच-तीन महिन्यांची होती आणि वर्षं सरता सरता ती खोल दरी पाडून गेली. इथे नळ सहा महिने बंद असतो, आणि सुट्टी म्हणून नव्हे, तर कामासाठी. दुपारचा पोषण आहार, प्राथमिकच्या मुलाला ठरवून दिलेल्या ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तोही त्याबरोबर बंद.

यावर काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. कारखान्यांच्या परिसरात ‘साखरशाळा’ निघाल्या. जिथे मूल तिथे शाळा, अशी ती साधी आणि शहाणी कल्पना. हक्काचा कायदा आल्यावर मुलांना नियमित शाळेतच घालायचं असं धोरण ठरलं आणि बहुतेक साखरशाळा बंद पडल्या. कागदावर हे बरोबर होतं. फडापासून शाळा तीन किलोमीटर, मध्ये उसाने भरलेले ट्रक धावणारा रस्ता, आणि सहा वर्षांचं पोर, हे कागदावर नव्हतं. शिक्षण हमी कार्डही आलं. मूल कुठल्या इयत्तेत आहे, काय शिकलं आहे, हे लिहून ते बरोबर न्यायचं आणि नव्या शाळेत दाखवायचं. ते ट्रॉलीत कुठल्या पिशवीत राहतं हे आईलाच ठाऊक, आणि पहाटे तीनला उठून रात्री ट्रक भरून झाल्यावर ते घेऊन शाळा शोधत जायला तिला फुरसत नसते.

सर्वांत उपयोगी ठरलेला उपाय म्हणजे हंगामी वसतिगृह. नाव भारदस्त, प्रत्यक्षात व्यवस्था घरगुती. शाळा व्यवस्थापन समिती गावातच दोन वेळच्या जेवणाची सोय करते, मुलं आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे झोपतात, सकाळी शाळेत येतात. ती सुरळीत चालते तिथे मूल गावात राहतं आणि शाळेचं वर्ष पुरं करतं. रडगाणं आहे ते मंजुरीचं. सर्वेक्षण, प्रस्ताव, गटशिक्षणाधिकाऱ्यांची तपासणी, जिल्ह्याची मान्यता, मग अनुदान. ट्रॉली दारात लागते तेव्हा आई विचारते, गुरुजी, वस्तिगृह चालू होणार का? गुरुजी म्हणतात, होईल. होईलवर कुणी पोर मागे ठेवत नाही. बोगस पट दाखवून पैसे उचलल्याच्या तक्रारी झाल्या, त्या सगळ्या खोट्या नव्हत्या, म्हणून तपासण्या वाढल्या, आणि तपासण्या वाढल्या म्हणून उशीर वाढला.

मोठ्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली: ४१ तालुके, दर तालुक्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२, प्रत्येकी शंभर जागांची. सगळी सुरू झाली तरी ८,२०० जागा होतात. राज्यातल्या ऊसतोड मजुरांचे अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत जातात.

मुलींची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे शिक्षणाचा प्रश्न लग्नाच्या प्रश्नात विरघळून जातो. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २१.९ होता. तेरा-चौदा वर्षांची मुलगी फडात न्यावी तर कोपीला दार नाही, आणि गावात ठेवावी तर आजी स्वतःच थकलेली. आईबापाच्या जिवाला घोर लागतो. दुसऱ्या घरी अर्धा कोयता असलेला मुलगा असतो, त्याला जोडी झाली की उचल दुप्पट होते. हे सगळं गणित एकत्र येऊन सातवी-आठवीच्या हजेरीपटावरचं एक नाव कमी होतं. गुरुजींना पत्ता लागतो तो बहुधा हळद लागल्यावर.

गावातल्या शाळेतून वर चढायच्या ज्या शिड्या सरकारने हुशार गरीब मुलांसाठी लावल्या आहेत त्यांच्याही तारखा बघाव्यात. जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा अलीकडे डिसेंबर-जानेवारीत होते. बीडचं नवोदय गेवराई तालुक्यात गढीला आहे, सहावीला ८० जागा, बहुतांश ग्रामीण मुलांसाठी राखीव, आणि अट अशी की पाचवीचं पूर्ण वर्ष जिल्ह्यातल्या शाळेत काढलेलं असावं. आठवीतली आर्थिक दुर्बल घटकांसाठीची एनएमएमएस परीक्षा, जिच्यातून नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, डिसेंबरात. शिष्यवृत्ती परीक्षा बहुतेक वर्षी फेब्रुवारीत. दहावीचा बोर्डाचा पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्या मुलांसाठी या परीक्षा आहेत त्यांतली कित्येक त्या दिवशी फडात मोळ्या बांधत असतात. दरसाल ‘ऊसतोड मजुराचा मुलगा फौजदार झाला’ अशी बातमी येते. ती खरी असते आणि त्या पोराचं कौतुक करावं तितकं थोडं. पण चौकशी केली तर बहुतेकदा मागे एक आजी निघते, जी गावात राहिली आणि ज्या पोराला तिने जाऊ दिलं नाही. आजी नसलेल्यांनी काय करायचं?

मधल्या काळात पटाचा प्रश्न नव्या अंगाने आला आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढे आला तेव्हा राज्यात अशा शाळा पावणेपंधरा हजारांच्या घरात निघाल्या. डोंगराळ भागातल्या वस्तीची शाळा पाच किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत विलीन झाली तर तिथे खोल्या चांगल्या असतील, इयत्तेला एक शिक्षक असेल, हे मान्य. पण हंगामी वसतिगृहाचा जीव वस्तीवरच्या शाळेत असतो. आजीचं घर, जेवण आणि वर्ग तिन्ही हाकेच्या अंतरावर असतात म्हणून ते चालतं. शाळा हलली की आजी तिच्यामागे हलत नाही.

जिल्ह्यातून यंदा किती मुलं जाणार, हे आधी कळणं अवघड आहे असं कार्यालयात सांगितलं जातं. मुकादमाला ते पावसाळ्यातच माहीत असतं. कोणत्या घरात किती उचल दिली, नवरा-बायको दोघं येणार की एकटा, म्हातारी मागे राहणार की बरोबर येणार, हे सगळं त्याच्या वहीत असतं, कारण त्यावर त्याचे पैसे अडकलेले असतात. अलीकडे ग्रामसेवकांकडून ऊसतोड मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रं देण्याचं कामही झालं आहे. ऊसतोड मजुरांच्या कल्याणकारी महामंडळासाठी उसाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने १० रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारने घालायचे, अशी तरतूद आहे. ग्रामसेवकाची यादी, मुकादमाची वही आणि गुरुजींचा हजेरीपट ऑगस्टमध्ये एका टेबलावर आले तर हंगामी वसतिगृहाचे प्रस्ताव गणपतीपूर्वी जिल्ह्याला पोचू शकतात, आणि ट्रॉली लागायच्या आत पहिल्या महिन्याचं धान्य शाळेत येऊ शकतं. पंचायत समितीच्या आवारात शिक्षण विभाग आणि ग्रामपंचायत विभाग यांची दारं बहुधा एकाच व्हरांड्यात उघडतात.